नैवेद्य म्हणजे खाणं नव्हे

"टूथपेस्टसुद्धा द्यायची?" कुमुदआत्याने विचारलं.

"टूथपेस्टसुद्धा," झवादी म्हणाली. "खोकल्याच्या गोळ्या, बिस्किटं, फळं. ज्याला वास आहे आणि जे पोटात जाऊ शकतं, ते सगळं स्वयंपाकघरातल्या लोखंडी पेटीत. मागच्या हंगामात एका पाहुण्याने तंबूत संत्री ठेवली होती. सकाळी संत्री नव्हती. तंबूही नव्हता."

बाबाने याचं मराठी करून सांगितलं.

"आणि पाहुणा?" आत्या म्हणाली.

"पाहुणा होता. पण जाईपर्यंत तो नुसती मान हलवायचा."

मला तो पाहुणा एकदम जवळचा वाटला. कारण तेव्हा मीही नुसती मान हलवायचे.

आता मला ओळखणाऱ्या कुणाला हे खरं वाटणार नाही. यंदाच्या गॅदरिंगचं सूत्रसंचालन मी केलं, आणि मध्येच माइक बंद पडला तर मागच्या रांगेतल्या पालकांना ते कळलंसुद्धा नाही. पण आठवीत असताना मी हजेरीला 'हजर' म्हणायचे ते फक्त बाकावरच्या मैत्रिणीला ऐकू यायचं. ती माझ्या वतीने ओरडायची. ती आली नाही की त्या दिवशी मीही गैरहजर लागायचे. नाव ऋजुता, पण वर्गात सगळे मला 'म्यूट' म्हणायचे, आणि मी त्यावरही मान हलवायचे.

तर ही आठवीतल्या दिवाळीची गोष्ट. बाबा तेव्हा टांझानियात एका साखर कारखान्यावर इंजिनियर होता. आईला बँकेत रजा मिळेना, म्हणून मला त्याच्याकडे पोचवायचं काम आत्याने अंगावर घेतलं. आत्या म्हणजे बाबाची मोठी बहीण. लग्न केलेलं नाही. मिरजेत आमच्याच शाळेत आधी कवायतीच्या बाई, मग मुख्याध्यापिका, पण सकाळची कवायत शेवटपर्यंत तीच घ्यायची. आत्या निवृत्त झाली होती, तिच्या आवाजाला मात्र पेन्शन लागू झाली नव्हती. आणि बाबाने आम्हाला दाखवायला म्हणून रुआहाच्या अभयारण्यात दोन रात्रींचं ठरवलं होतं. ते इतकं आडबाजूला आहे, की विमान उतरायच्या आधी वैमानिकाने धावपट्टीवरून एक घिरटी मारली. खाली जिराफ उभे होते. त्यांना हाकलून मग आम्ही उतरलो.

"बस स्टँडवर म्हशी हाकलतात तसंच की," आत्या म्हणाली. तिला आफ्रिका लगेच घरच्यासारखी वाटली.

आमच्या तळाला कुंपण नव्हतं. कोरड्या नदीच्या काठावर कापडी तंबू, मधे एक थोराड चिंच, आणि पलीकडे गवताच्या छपराची, चारी बाजूंनी उघडी जेवणघराची पडवी. झवादी तिथली वाटाडी. उंच, सावळी, डोक्याचे केस अगदी बारीक कापलेले, पंचविशीची असेल. गाडी तीच चालवायची, बंदूकही तिच्याकडेच. तिने नियम सांगितले आणि पेटी उघडली.

मग आत्याने दिवाळीचा फराळ सुपूर्द केला. एखादं ट्रस्टी मंडळ पुढच्या मंडळाला शाळा सुपूर्द करतं तसा.

"हा चिवडा. ही चकली. करंजीचा डबा वरच ठेव गं, मोडतील. लाडवांवर काही ठेवू नकोस."

हे सगळं मराठीत. झवादी प्रत्येक डब्याला मान डोलवत होती आणि करंजीचा डबा तिने खरंच वर ठेवला. आत्याने माझ्याकडे पाहिलं. "बघ. सांगणाऱ्याने नीट सांगितलं की कळतं."

त्या लोकांच्या स्वाहिलीत बहिणीला 'दादा' म्हणतात. त्यामुळे तिथला जो तो मला 'दादा' म्हणायचा आणि मी मान हलवायचे.

एवढं सगळं देऊन झाल्यावर तंबूत येऊन आत्याने पर्समधून एक लोकरीचा मोजा काढला. मोज्यातून बाळकृष्ण काढला. चांदीचा, आतून पोकळ, मुठीत मावेल एवढा. एक गुडघा टेकून रांगणारा, उजव्या हातात लोण्याचा गोळा. हा बाळकृष्ण आत्याबरोबर सगळीकडे जायचा. काशीला गेला होता, अपेंडिक्सच्या ऑपरेशनला गेला होता, शाळेच्या सहलींना तर दरवर्षी. का, ते आमच्यात कुणी कधी विचारलं नाही. आत्याचा चष्मा तसा आत्याचा बाळकृष्ण.

तिने त्याला खुर्चीवर रुमाल घालून बसवलं आणि त्याच्यासमोर एक चांदीची वाटी ठेवली. वाटीत बेसनाचा लाडू होता.

मी लाडवाकडे बघितलं. मग आत्याकडे.

"काय बघतेस? हे खाणं नव्हे, नैवेद्य आहे. खाणं आपलं असतं. हे देवाचं."

मी मान हलवली.

"आणि तंबूची चेन पूर्ण लावू नकोस. वीतभर उघडी राहू दे. देवाला कोंडायचं नसतं."

दुसऱ्या दिवशी आम्ही खूप हिंडलो. सिंह बघितले, बंगल्याएवढ्या बुंध्याची बाओबाबची झाडं बघितली, नदीत सोंडेने खड्डे खणून पाणी काढणारे हत्ती बघितले. गाडीत गप्प बसायचं असतं. आत्या आमच्या कानात बोलते तेव्हा झोपलेला सिंह जागा होतो, हे आम्हाला त्या दिवशी कळलं. ती फक्त म्हणाली होती, "याच्या आयाळीला तेलाचं बोट नाही." सिंह उठून बसला. झवादीने ओठांवर बोट ठेवलं. आत्याने आयुष्यभर दुसऱ्यांना दाखवलेलं बोट पहिल्यांदा स्वतः पाहिलं आणि संध्याकाळपर्यंत एक शब्द बोलली नाही. त्यामुळे गाडीत आम्ही दोघीही गप्प. बाबाला तो सगळा दिवस फार आवडला.

तिसरा दिवस निघायचा, आणि नेमकी नरकचतुर्दशी. आत्याने मला तांबडं फुटायच्या आत उठवलं. तिथली अंघोळ म्हणजे झाडाला दोरीने टांगलेली बादली आणि भोवती छातीपर्यंत कापडाचा आडोसा. आमची दोघींची तेल-उटणं लावून अंघोळ झाली. मग बाळकृष्णाची. त्याच्यासाठी आत्याने जेवणघरातून दूध, दही, मध आणि साखर मागून घेतली होती, आणि तुपाऐवजी एक केळं. पंचामृताने त्याला न्हाऊमाखू घातलं, पण नंतर धुवायला पाणी उरलं नव्हतं.

"राहू दे. तुझा चहा होऊ दे, तोवर पाणी येईल," आत्या म्हणाली. "आज त्याचाच सण आहे. थोडा चिकट राहिला तर काय बिघडतं?"

चिकट, गोड बाळकृष्ण रुमालावर. पुढ्यात लाडू. चेन वीतभर उघडी.

बाबाचा अजून पत्ता नव्हता. तो उठला, तोवर सूर्य वर आला होता.

आम्ही जेवणघरात बसलो. आत्याने चहा घेतला नाही. देव धुऊन त्याला रीतसर नैवेद्य दाखवल्याशिवाय ती तोंडात पाणीही घालत नाही. सकाळी जरा उशिराचं आमचं विमान होतं. झवादी शेजारी उभी राहून कॉफी पीत होती. एवढ्यात ती हळूच म्हणाली, "गुरुजी आले."

चिंचेखाली एक हत्ती येऊन उभा होता. एकटाच, सुळे पिवळे पडलेले, एक कान फाटका. तळावर त्याला 'म्वालिमू' म्हणायचे, म्हणजे गुरुजी. कारण तो रोज त्याच वेळेला येतो आणि तो आला की सगळे आपोआप गप्प बसतात. तो पडलेल्या चिंचा सोंडेने एकेक वेचून खात होता.

चिंचेच्या पलीकडे आडोशाच्या वर बाबाचं डोकं दिसत होतं. उटण्याने माखलेलं, तपकिरी. त्याने गुरुजींना पाहिलं. गुरुजींनी त्याला पाहिलं. मग त्यांनी शांतपणे सोंड उंच केली, बाबाच्या बादलीत घातली आणि पाणी प्यायला सुरुवात केली.

बाबाने शिटी वाजवली. संकटात वाजवायला प्रत्येक पाहुण्याला गळ्यात अडकवायची एक शिटी दिलेली होती. तिच्यातून अगदी केविलवाणा आवाज आला.

"पोटातून फुंक काढत नाही हा," आत्या म्हणाली. "शाळेतही तसाच होता."

"त्याला सांग, हलू नको," झवादी मला म्हणाली. मी मान हलवली. तेवढ्यात मला आमच्या तंबूच्या चेनमधून एक काळं तोंड बाहेर येताना दिसलं.

करड्या अंगाचं, लांब शेपटीचं माकड. गालफडं लाडवाने फुगलेली. काखेत बाळकृष्ण.

ते सरळ चिंचेवर चढलं, गुरुजींच्या डोक्यावरच्या फांदीवर ऐसपैस बसलं आणि बाळकृष्णाला चाटायला लागलं. आधी डोकं, मग पाठ, मग लोण्याचा गोळा. तो गोळा त्याला फारच आवडला. त्याने तो दाढेखाली घालून बघितला.

आत्या उभी राहिली. खुर्ची मागे पडली.

"माकडाकडे काय आहे ते?" झवादीने विचारलं.

आत्याने माझा दंड धरला. "सांग तिला."

मी बाबाकडे बघितलं. आतापर्यंत सगळं इंग्रजी बाबा बोलत होता. बाबाच्या डोळ्यात उटणं गेलं होतं आणि तो दुसऱ्या डोळ्याने हत्तीकडे बघत होता.

"सांग, ऋजू."

"तो देव आहे," मी म्हणाले. इंग्रजीत. घशातून आवाज आला याचंच मला नवल वाटलं.

"माकड?"

"नाही. माकडाच्या हातात."

झवादीने कप खाली ठेवला. "आणि त्याच्या तोंडात?"

मी आत्याकडे बघितलं. आत्या म्हणाली, "नैवेद्य म्हणावं."

आमच्या इंग्रजीच्या पुस्तकात नैवेद्य नव्हता. मी म्हणाले, "देवाचं जेवण."

"म्हणजे तंबूत खाणं होतं."

"ती म्हणते तंबूत खाणं होतं," मी आत्याला सांगितलं.

"तिला सांग, खाणं वेगळं आणि नैवेद्य वेगळा. तो देवासाठी असतो."

मी सांगितलं. झवादीने विचार केला. "मग देव खातो?"

"नाही."

"मग कोण खातं?"

"आम्ही. नंतर."

"म्हणजे खाणंच."

मी हे आत्याला सांगितलं. मिरजेच्या शाळेत ज्या बाईने डबा खाण्याच्या सुट्टीआधी डबा उघडणाऱ्या मुलींना वर्षानुवर्षं व्हरांड्यात उभं केलं, तिने एकदा चिंचेकडे बघितलं. मग हळू आवाजात म्हणाली, "हो. खाणंच."

मला हे भाषांतर करायचं नव्हतं. पण झवादीला कळलं असावं. ती म्हणाली, "तिला विचार, एवढ्या लांब देवाला कशाला आणायचं? त्याला घर नाही?"

मी विचारलं. वर माकड बाळकृष्णाचा गुडघा चाटत होतं.

"आमच्यात मुलीच्या लग्नात तिची आई तिला बाळकृष्ण देते," ती म्हणाली. "सासरी न्यायला. माझ्या आईनेही हा घडवून घेतला होता. पत्रिका छापल्या होत्या. मग त्या लोकांनी सांगितलं, मैदानावर पोरींना लेफ्ट-राइट करायला लावणारी सून नको, नोकरी सोडा. मी म्हटलं, नाही सोडणार. आई दुसऱ्या दिवशी याला परत सोनाराकडे द्यायला निघाली. मी तिच्या हातातून घेतला. म्हटलं, लग्न मोडलं यात याचा काय दोष? मी जाईन तिथे हा येईल."

मला हे काहीच माहीत नव्हतं. बाबाला तरी माहीत होतं का, कुणास ठाऊक. आणि हे ऐकून नुसती मान हलवायची सोय नव्हती, कारण झवादी माझ्याकडे बघत होती. 'सासर' मला इंग्रजीत येईना. शेवटी मी म्हणाले, "तिच्या आईने तिला हा दिला, ती जाईल तिथे तिच्याबरोबर जायला. म्हणून तो येतो."

झवादी म्हणाली, "मला माझ्या आईने लग्नासाठी शिवणयंत्र दिलं होतं. मी ते विकून गाडी चालवायला शिकले."

मी आत्याला सांगितलं. आत्याने झवादीकडे बघितलं आणि पहिल्यांदाच, काही न सांगता, नुसती मान हलवली.

आणि तेवढ्यात माकडाचं चाटून झालं. बाळकृष्णात गोड काही उरलं नाही, तेव्हा त्याने त्याला उलटा-पालटा करून बघितलं आणि सोडून दिलं.

तो पाचोळ्यात पडला. गुरुजींच्या पुढच्या पायापासून हातभर अंतरावर. उन्हात चमकत होता.

"कुणीही हलू नका," झवादी म्हणाली. ती पडवीच्या कडेला गेली आणि स्वाहिलीत गुरुजींशी अगदी हळू, समजुतीच्या सुरात बोलायला लागली. गुरुजींनी फाटका कान हलवला आणि चिंचा वेचत एक पाऊल पुढे आले. पुढच्या चिंचा बाळकृष्णाच्या भोवतीच पडल्या होत्या. त्यांनी पुन्हा पाय उचलला. तो पाय म्हणजे आमच्या घरच्या पिंपाएवढा होता, आणि बाळकृष्ण आतून पोकळ.

मी आत्याच्या आवाजाची वाट बघितली. अशा वेळी तो येतोच. तिचं तोंड उघडं होतं. त्यातून काही येत नव्हतं.

"पीऽऽछे... मुड."

कोण ओरडलं म्हणून मी मागे वळून बघितलं. मागे कुणी नव्हतं. पडवीतले सगळे माझ्याकडे बघत होते.

आत्या निवृत्त होईपर्यंत, म्हणजे पाचवीपर्यंत, रोज सकाळी मैदानावर ऐकलेली ती हाक माझ्या आत कुठे जाऊन बसली होती, मला माहीत नाही. ती तशीच्या तशी बाहेर आली, आत्याच्या हेलासकट. नदीच्या पलीकडच्या काठावरून ती परतही आली. चिंचेवरचं माकड तिसऱ्या झाडावर गेलं.

गुरुजींचा पाय हवेत थांबला. त्यांनी दोन्ही कान फाकवले आणि माझ्याकडे बघितलं. झवादीचा हात बंदुकीवर गेलेला मला दिसला. ओरडून तर झालं होतं. आता पुढे काय करायचं ते मला माहीत नव्हतं. कवायतीत 'पीछे मुड'नंतर जे येतं तेच फक्त येत होतं.

"तेज चल," मी म्हणाले. जरा हळू.

गुरुजींनी पाय खाली ठेवला. बाळकृष्णाच्या शेजारी. मग अख्खे वळले आणि नदीच्या पात्रात उतरून चालू लागले. तेज नाही, पण चालले.

झवादी माझ्यासमोर येऊन उभी राहिली. "हत्तीवर ओरडायचं नाही. कधीच नाही. ओरडलं की तो एकतर जातो, नाहीतर येतो. आज गेला." मग जरा थांबून तिने विचारलं, "काय म्हणालीस त्याला?"

"मागे वळ, म्हटलं."

तिने तोंड फिरवलं. तिचे खांदे हलत होते. रडते की काय असं मला वाटलं, पण ती हसत होती.

आत्याला आवाज सापडला. घोगरा होता. "पीछे ठीक होतं," ती म्हणाली. "मुड ढिला पडला. मुड असा कडक तोडायचा."

चिंचेपलीकडून बाबाने विचारलं, "अक्का, गेला का?"

"गेला. अंघोळ झाली तुझी?"

"पाणी तोच प्यायला."

"सूर्य उगवल्यावर अंघोळ करणारा नरकात जातो म्हणतात, श्रीन्या," आत्या म्हणाली. "तुला इथेच दाखवला."

झवादीने बाळकृष्ण उचलून आणला. दोन्ही हातांवर ठेवून आणला, तसं तिला कुणी सांगितलं नव्हतं. आत्याने तो घेतला, पदराने पुसला, आणि मग ताठ उभी राहिली. शाळेत ध्वजवंदनाला राहायची तशी.

"ऋजू, तिला सांग. नियम मी मोडला. मुलीचा यात दोष नाही, श्रीन्याचाही नाही. शिक्षा काय ते विचार."

मी विचारलं. झवादीने चांगला विचार केला. "पेटीतलं खाणं इथेच राहील," ती म्हणाली. "सगळ्या डब्यांसकट."

आत्याने एक लाडू तेवढा मागून घेतला, बाळकृष्णासमोर धरला, मग माझ्या हातून झवादीला दिला. "सांग तिला, आता हा प्रसाद. आणि चकली लवकर संपवा म्हणावं, मऊ पडेल."

विमानात आम्ही तिघंच होतो आणि पुढे वैमानिक. बाबाच्या कानामागे अजून उटणं होतं. आत्या बाळकृष्ण उजेडात धरून बघत होती. लोण्याच्या गोळ्यावर दाताची एक खोल खूण उमटली होती.

"मिरजेला गेलीस की सोनाराकडून नीट करून घे," बाबा म्हणाला.

"कुणीही हात लावायचा नाही," आत्या म्हणाली. "आयुष्यभर हा दुसऱ्यांचं लोणी चोरत होता. याचं पहिल्यांदा कुणी चोरलंय." तिने त्याला मोज्यात घातलं आणि मोजा माझ्या मांडीवर ठेवला. "तुझ्या लग्नात हा तुला."

इंजिनाचा आवाज फार होता. मी वाकून तिच्या कानाशी म्हणाले, "आणि लग्न मोडलं तर?"

"तर आत्ताच घे. वाट कशाला बघायची?"

"अगं, पण मी अजून आठवीत आहे," मी म्हणाले.

वैमानिकाने मागे वळून बघितलं. त्याने कानावरचं यंत्र बाजूला केलं आणि इंग्रजीत म्हणाला, "मागच्या सीटवरच्या मुलीने जरा हळू बोलावं. मला रेडिओ ऐकू येत नाहीये."

आयुष्यात मला असं कुणी कधी म्हणालं नव्हतं. मला ते इतकं आवडलं की मी लगेच आत्याला त्याचं मराठी करून सांगितलं, मोठ्याने.